वाटाणा, आगकाड्या आणि लेगोचे ठोकळे : सेकंदाला किती फ्रेम?

१/ दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एका वाटाण्याचा चित्रपट काढला होता, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, महिनाभर दररोज एक फ्रेम टिपली आणि मिनिटभराचा चित्रपट तयार झाला, अशी ती कथा. कथा सुंदर आहे. पण ती हिशेबात बसत नाही. #थ्रेड #इतिहास #मराठी

२/ हा हिशेब केवळ जुन्या कथेतील उणीव दाखवण्यासाठी नाही. भिवंडीतल्या एखाद्या घरात मोबाइल स्टँडला लावून, लेगोचे ठोकळे मांडून स्टॉप मोशनपट करू पाहणाऱ्या मुलामुलींपुढे पहिला प्रश्न हाच असतो : सेकंदाला किती फ्रेम घ्यायच्या? दहा, बारा, पंधरा की चोवीस? या प्रत्येक आकड्यामागे इतिहास आहे.

३/ आधी शब्द स्पष्ट करू. चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची माळ. त्यातील एक चित्र म्हणजे एक फ्रेम, मराठीत चौकट. स्टॉप मोशनमध्ये वस्तू किंचित हलवायची, चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची, पुन्हा टिपायचे. अशी चित्रे वेगाने दाखवली की निर्जीव वस्तू चालू लागते. वेग किती ठेवायचा, त्यावर श्रम किती पडणार हे ठरते.

४/ भिवंडीकरांना हा व्यवहार नवा नाही. यंत्रमागावर उभ्या ताण्यातून धोटा एकदा गेला की एक आडवा धागा पडतो. धंद्यात त्याला पिक म्हणतात. इंचात किती पिक, यावर कापडाचा पोत ठरतो. मिनिटाला दीडशे पिक टाकणारा माग ५० पिकांचे कापड मिनिटाला ३ इंच विणतो. ६० पिकांचे अडीच इंचच. पोत हवा तर वेळ द्यावा लागतो.

५/ आणखी एक साम्य आहे. कापड मागावरून उतरल्यानंतर त्यात पिक वाढवता येत नाहीत. स्टॉप मोशनचेही तेच. बाराच्या हिशेबाने ठोकळे हलवून टिपले आणि नंतर चोवीसच्या वेगाने दाखवले, तर चालणारा पुतळा दुप्पट वेगाने पळू लागतो. म्हणून फ्रेमचा आकडा पहिले चित्र टिपण्याआधी ठरवावा लागतो.

६/ आता १८९६ सालात जाऊ. ७ जुलै रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. भारतातील चित्रपट प्रदर्शनाचा आरंभ येथून मानला जातो. त्या यंत्राला वीज चालवत नसे; माणूस हाताने दांडा फिरवीत असे. वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेम.

७/ सोळाच का? एका कारणाचे नाव मानवी हात. तेव्हाच्या प्रचलित कॅमेऱ्यांत दांड्याच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम पुढे सरकत. सेकंदाला दोन फेरे माणूस न थकता बराच वेळ मारू शकतो. दोन गुणिले आठ, सोळा. मिनिटाला १२० फेरे. साध्या यंत्रमागाचा ठोका यापासून फार दूर नाही.

८/ दुसरे कारण फिल्मचा खर्च. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. म्हणजे सेकंदाला एक फूट, मिनिटाला ६० फूट. एडिसनच्या आधीच्या यंत्राचा वेग सेकंदाला चाळीसच्या आसपास होता. त्या वेगाने तेवढ्याच वेळासाठी अडीचपट फिल्म खर्ची पडे. सोळा हा आकडा डोळ्याला चालेल आणि खिशाला परवडेल असा तोडगा होता.

९/ येथे डोळ्याच्या दोन गरजा वेगळ्या ओळखायला हव्यात. एक, हालचाल सलग वाटणे. दुसरी, पडदा लुकलुकू नये ही. हालचालीला दहाबारा चित्रेही पुरतात; लुकलुक थांबायला सेकंदाला पन्नासच्या आसपास उघडझाप लागते. प्रोजेक्टरची तीन पात्यांची झडप एकच चित्र तीनदा दाखवी. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस.

१०/ ही गोष्ट लक्षात ठेवू. कारण ‘कमी फ्रेम घेतल्या तर चित्र लुकलुकेल’ ही भीती आजही अनेकांना असते. मोबाइलचा पडदा स्वतःच सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने चित्र काढतो. बारा फ्रेमचा चित्रपट त्यावर लुकलुकत नाही. तो फक्त टप्प्याटप्प्याने हलतो. तो टप्पा किती दिसू द्यायचा, एवढाच निर्णय आपला.

११/ आता फाळके यांच्याकडे. जन्म त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७०. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२च्या आरंभी लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. यंत्र आले, विद्या आली, पण पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी भांडवल नव्हते. सावकाराला पटेल असा पुरावा हवा होता.

१२/ तो पुरावा म्हणजे ‘अंकुराची वाढ’. बी रुजते, कोंब फुटतो, वेल वर चढते आणि हे सारे पाहणाऱ्यासमोर मिनिटभरात घडते. जे डोळ्याला कधीच दिसत नाही ते कॅमेरा दाखवू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. ज्यांना तो दाखवला त्यांच्यातून कर्ज देणारे पुढे आले. एका कुटुंबाचे भवितव्य त्या कुंडीवर अवलंबून होते.

१३/ आता हिशेब. दररोज एक फ्रेम, महिनाभर : ३० फ्रेम. सेकंदाला १६च्या वेगाने त्या दोन सेकंदही पुरत नाहीत. चाळीस दिवस धरले तरी अडीच सेकंद. एवढ्या वेळात पाहणाऱ्याची पापणी लवली तर निम्मा चित्रपट हुकला! मिनिटभराचा चित्रपट यातून निघू शकत नाही.

१४/ उलट बाजूने पाहू. मिनिटभराला हव्यात ६० गुणिले १६, म्हणजे ९६० फ्रेम. त्या ३० दिवसांत वाटल्या तर दिवसाला ३२. अहोरात्र टिपायचे तर दर ४५ मिनिटांनी एक. केवळ बारा तासांच्या दिवसाउजेडी टिपायचे तर सुमारे साडेबावीस मिनिटांनी एक.

१५/ तिसरी शक्यता : चित्रे तीसच घेतली आणि प्रत्येक चित्र वारंवार छापून लांबवले. मग एकेक चित्र पडद्यावर दोन सेकंद खिळून राहील. ते वाढणारे रोप दिसणार नाही. एकामागून एक बदलणाऱ्या फोटोंची मालिका दिसेल. ज्यावर कोणी पैसे लावावेत असा चमत्कार त्यात उरणार नाही.

१६/ मग निष्कर्ष काय? ‘महिनाभर’ आणि ‘मिनिटभर’ हे दोन्ही आकडे जवळपास खरे असतील, तर ‘दररोज एक’ हा आकडा टिकत नाही. तो बहुधा सांगतासांगता सोपा झालेला तपशील असावा. दंतकथेत काम सोपे होते : रोज सकाळी एकदा कॅमेऱ्याजवळ जायचे, बस्स. हिशेबात मात्र कोणीतरी दिवसभर, दर वीसबावीस मिनिटांनी, महिनाभर त्या कुंडीपाशी परतत असलेले दिसते.

१७/ म्हणजे हिशेबाने फाळके यांचे श्रेय घटत नाही, वाढते. आणि केवळ त्यांचे नव्हे. कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. एका फ्रेमला प्रत्येक कडेस चार छिद्रे. दोन्ही कडा मिळून आठ. सोळा फ्रेमच्या एका सेकंदाला १२८ छिद्रे. फ्रेमचा आकडा वाढला की घरातले कोणाचे काम वाढे, हे यावरून कळते.

१८/ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पुढे फाळके नाशिकला गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मची आयात आखडली. साधारण १९१५ सालचा ‘आगकाड्यांची मौज’ हा त्यांचा लघुपट याच ओढगस्तीच्या दिवसांतला : आगकाड्या स्वतःहून हलतात, आकार धरतात. ठोकळ्यांच्या स्टॉप मोशनचा आपल्याकडचा सर्वांत जवळचा पूर्वज हाच.

१९/ आगकाडी आणि लेगोचा ठोकळा यांत फरक थोडा. दोन्ही स्वस्त वा घरात असणाऱ्या, सारख्या मापाच्या, सुट्या, निर्जीव वस्तू. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ सालीच हलत्या आगकाड्यांचा चित्रपट केला होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आर्थर मेलबर्न-कूपर यांनी ‘ड्रीम्स ऑफ टॉयलँड’मध्ये खेळणी रस्त्यावर चालवली. खेळण्यांना चालवण्याची हौस अशी जुनी आहे.

२०/ कोल यांच्या ‘फँटास्मागोरी’चा (१९०८) हिशेब मात्र नीट लागतो. सुमारे ७०० चित्रे, प्रत्येक दोनदा टिपलेले. म्हणजे १४०० फ्रेम. सोळाने भागले की साडेसत्याऐंशी सेकंद. तो चित्रपट उपलब्ध आहे आणि दीड मिनिटाच्या आसपासच चालतो. वाटाण्याला लावलेली कसोटी येथे लावली तर उत्तर बरोबर येते.

२१/ ‘प्रत्येक चित्र दोनदा’ ही युक्ती महत्त्वाची आहे. यंत्राचा वेग सोळाच राहतो, पण हाताचे काम निम्मे होते : सेकंदाला आठ चित्रे. ‘आगकाड्यांची मौज’ आज उपलब्ध नाही. त्यामुळे फाळके यांनी एकेक मांडणी एकदा टिपली की दोनदा, हे कोणाला मोजता येत नाही. मिनिटाला ९६० मांडण्या की ४८०, त्या श्रमांचा हिशेब फिल्मबरोबर गेला.

२२/ मग सोळाचे चोवीस कसे झाले? डोळ्यामुळे नव्हे, कानामुळे. मूकपटात हाताचा वेग थोडा पुढेमागे झाला तरी चाले. आवाजाचा वेग बदलला की गाणे बेसूर होते. वेग बांधून घ्यावा लागला आणि ध्वनीच्या स्पष्टतेसाठी तो वाढवावा लागला. १९२०च्या दशकाअखेर अमेरिकेत सेकंदाला २४ फ्रेम हे प्रमाण रूढ झाले. मिनिटाला ६० फूट फिल्म लागे, तिथे ९० लागू लागली.

२३/ आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. प्रभातनेच १९३४ साली ‘जंबूकाका’ हा ॲनिमेशनपट काढला. बोलपटाने ॲनिमेशन करणाऱ्याच्या डोक्यावर मिनिटाला ९६० ऐवजी १४४० फ्रेमचा भार ठेवला होता.

२४/ पण चोवीस या आकड्यात एक सोय आहे. त्याला दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा या साऱ्यांनी निःशेष भाग जातो. प्रत्येक चित्र दोनदा टिपले की सेकंदाला १२ चित्रे. तीनदा टिपले की आठ. कोल यांची जुनी युक्ती येथे पुन्हा कामी आली. आज ठोकळ्यांच्या स्टॉप मोशनमध्ये जो बारा हा आकडा ऐकू येतो, तो चोवीसचा निम्मा आहे.

२५/ आता ठोकळ्यांकडे. १९७३ साली डेन्मार्कमधील दोन मुलांनी सुपर ८ कॅमेऱ्यावर लेगोच्या ठोकळ्यांची चंद्रसफर चित्रित केली. या प्रकारच्या आरंभीच्या चित्रपटांत तिची गणना होते. हातपाय हलवता येणारा लेगोचा चिमुकला माणूस १९७८ साली आला. उंची साधारण चार सेंटीमीटर. खऱ्या माणसाच्या सुमारे बेचाळिसाव्या भागाएवढा.

२६/ हा माणूस ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांत पाय रोवून उभा राहतो. दोन उंचवट्यांमधले अंतर ८ मिलिमीटर. बारा फ्रेमच्या हिशेबात दर फ्रेमला एक उंचवटा पुढे सरकवला, तर सेकंदाला ९६ मिलिमीटर. बेचाळीसने गुणा : सुमारे चार मीटर. हा चालत नाही, धावतो आहे.

२७/ त्याऐवजी एका उंचवट्याला तीन फ्रेम द्या : पाय पुढे, पाय मध्ये, पाय मागे. मग सेकंदाला चार उंचवटे, ३२ मिलिमीटर. माणसाच्या मापात सेकंदाला सुमारे १.३४ मीटर. रस्त्याने सहज चालणाऱ्या माणसाचा वेग हाच! बाराचा आकडा ठोकळ्यांच्या मापाशी असा चपखल बसतो.

२८/ चोवीस घेतल्यास त्याच चालीसाठी एका उंचवट्याला सहा फ्रेम लागतील. प्रत्येक वेळी सव्वा मिलिमीटरच्या आसपास सरकवायचे. बोटांची अचूकता येथे संपते. पुतळा कधी एक, कधी दोन मिलिमीटर सरकतो आणि पडद्यावर चाल थरथरते. जास्त फ्रेम म्हणजे नेहमीच जास्त सफाई नव्हे. हाताला न झेपणारा आकडा चूकच अधिक स्पष्ट दाखवतो.

२९/ वेळेचाही हिशेब करू. एका मांडणीला अर्धा मिनिट धरले, तर मिनिटभराच्या चित्रपटाला : बारा फ्रेमने ७२० मांडण्या, सहा तास. पंधराने ९००, साडेसात तास. चोवीसने १४४०, बारा तास. पहिला शाळेच्या सुट्टीतला एक दिवस आहे. शेवटचा बहुधा अर्धवट सोडलेला चित्रपट आहे.

३०/ शेवटी तो कुठे दाखवायचा ते पाहावे. व्हिडिओ २४ने बाहेर काढणार असाल तर १२ घ्यावे. मोबाइलवरील ॲप ३०ने काढत असेल तर १५ किंवा १० घ्यावे, कारण तीसला बाराने निःशेष भाग जात नाही आणि काही चित्रे दोनदा, काही तीनदा दिसून चाल अडखळते. भारतीय दूरचित्रवाणीचा आकडा २५; त्याचा निम्मा साडेबारा, म्हणून तेथे बारा बसत नाही.

३१/ खिडकीचा उजेड मात्र टाळावा. सहा तासांत सूर्य सरकतो, ढग येतात आणि प्रत्येक फ्रेमचा उजेड बदलतो. फाळके यांच्या वाटाण्यापुढेही हीच अडचण असणार. पडदे लावून, एकच दिवा ठेवून, कॅमेऱ्याचा उजेड आणि फोकस हाताने बांधून घ्यावा. मग आकडा कोणताही असो, तो नेमका पाळता येतो.

३२/ तेव्हा आकडा निवडताना तीन प्रश्न विचारावेत. माझा हात किती बारीक हलवू शकतो? माझ्याकडे किती तास आहेत? चित्रपट कुठे दिसणार आहे? ल्युमिएर यांच्या सोळालाही, बोलपटांच्या चोवीसलाही याच तऱ्हेच्या प्रश्नांनी आकार दिला. प्रमाण आकडे निसर्गाने दिलेले नाहीत. हात, पैसा, डोळा आणि कान यांच्यातील ते तह आहेत.

३३/ आणि इतिहास वाचताना एक सवय लावून घ्यावी. जुन्या चित्रपटाविषयी ‘इतके दिवस, इतक्या फ्रेम, इतकी मिनिटे’ असे तीन आकडे एकत्र दिसले की गुणाकार करून पाहावा. वाटाण्याच्या कथेत तो गुणाकार केल्यावर कुंडीपाशी दिवसभर थांबलेला माणूस दिसू लागला. आपल्या पहिल्या ठोकळेपटाच्या शंभराव्या फ्रेमपाशी कंबर दुखू लागेल, तेव्हा त्या ९६० फ्रेमची खरी किंमत कळेल. (समाप्त)